मामाकडे ठेवलेलं पोर

मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसाचं मूल गावी आजीकडे किंवा मामाकडे वाढणं, यात जुन्नर तालुक्यातल्या ओझरसारख्या गावाला कधी नवल वाटलं नाही. गिरणीतली पाळी, चाळीतली एक खोली, त्यात धाकटं तान्हं. मग थोरल्याची रवानगी गावी. त्याचा कागद कोण करतो? शाळेच्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून मामाने सही केली की झालं. घोळ व्हायचा तो पोर परत न्यायच्या वेळी.

ओझरजवळच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांवरही पोटचं पोर दुसऱ्याच्या घरी ठेवायची वेळ आली होती. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटल्यावर नऊ वर्षांच्या संभाजीराजांना बरोबर घेऊन दौड मारणं धोक्याचं होतं. मथुरेत मोरोपंत पिंगळ्यांचे मेहुणे होते, कृष्णाजी, काशी आणि विसाजी त्रिमल. त्यांच्या घरी मुलाला ठेवलं आणि तो वाटेत दगावल्याची हूल उठवली. काही महिन्यांनी त्रिमल बंधूंनी संभाजीराजांना राजगडावर सुखरूप पोचवलं. त्यांना ‘विश्वासराव’ हा किताब मिळाला. सांभाळणाऱ्याने आपणहून मूल आणून द्यावं आणि घेणाऱ्याने त्याची बूज राखावी, इतकं सरळ सहसा घडत नाही.

दत्तकाची गोष्ट निराळी. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तिथे परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदाही रीतसर दिलेलं मूल माघारी घेऊ देत नाही. मामाकडे नुसतं ठेवलेलं पोर दत्तक ठरत नाही, मग ते तिथे दहा वर्षं का जेवेना!

अशा पोरांसाठी कामी येतो तो १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. ताब्यातून गेलेलं मूल परत मिळावं म्हणून पालकाने कलम २५ खाली अर्ज करायचा. न्यायाधीशाने मुलाचं हित बघायचं, आणि मूल जाणतं असेल तर त्याचं मतही. अर्ज मात्र मूल साधारणपणे जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात. या अटीवर एक गाजलेला खटला आपटला. मद्रासकडच्या नारायणय्यांनी १९१० मध्ये आपली दोन मुलं ॲनी बेझंट यांच्या हवाली केली. त्यातला थोरला म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेले जे. कृष्णमूर्ती. बापाचं मन फिरलं, मद्रासच्या न्यायालयाने कौलही त्याला दिला. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. बापाने सोपवलेला ताबा बापाला काढून घेता येतो, हे कौन्सिलला मान्य होतं. पण मुलं इंग्लंडात आणि मूळ दावा मद्रासजवळच्या चिंगलपेटच्या जिल्हा न्यायालयातला, हे काही बसेना.

त्या हिशेबाने आई-बाप मुंबईत आणि मूल ओझरला मामाकडे कायमचं राहत असेल, तर तारखांना खेटे पुणे जिल्ह्यातच घालायचे.

अलीकडच्या एका प्रकरणात हा लांबचा रस्ता टळला. आईला गरोदरपणातच कर्करोग असल्याचं कळलं होतं. २०१७ मध्ये मुलगी झाली आणि काही महिन्यांत बापही क्षयाने रुग्णालयात पडला. तान्ह्या लेकीला मावश्यांनी सांभाळलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आई गेली. बऱ्या झालेल्या बापाने मुलगी मागितली, ती मिळेना, तेव्हा तो हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा ठेवून घेतलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका घेऊन थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला. ही याचिका चालतच नाही, असा मावश्यांचा मुद्दा. तो सर्वोच्च न्यायालयानेही ६ मे २०१९ रोजी फेटाळला: आईमागे बापच नैसर्गिक पालक, आणि मुलीला ठेवून घ्यायचा कायदेशीर अधिकार नातेवाइकांकडे नाही. मावश्यांनी जीव लावून सांभाळलं, हे मात्र न्यायालयाने नाकारलं नाही. पोर बापाच्या घरी रुळावं म्हणून त्यांना भेटीगाठीची सोय त्याच निकालात करून दिली.