पंधरातले आठ रुपये

गरिबीतून वर आलेल्या थोरांची चरित्रे आपण मुलांच्या हाती देतो आणि म्हणतो, 'बघ, परिस्थिती आड येत नाही!' मीही बरीच वर्षे असेच मानत होतो. पुढे चरित्रे वाचताना पैशाचे उल्लेख वेगळे टिपून ठेवू लागलो आणि हे मत डळमळले.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९मध्ये वारले. गोपाळराव तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या भावाला पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे घर. १८८४मध्ये गोपाळराव पदवीधर झाले.

दुसरे घर सुभेदार रामजी सकपाळ यांचे. मुंबईत दोघा मुलांच्या शाळेचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडली. धाकटे भीमराव १९०७मध्ये मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये दिले, म्हणून कॉलेज शिक्षण पार पडले.

दोन्ही घरे ओढगस्तीची, पण ओढगस्त सारखी नव्हती. गोखल्यांकडे पैसा नव्हता. शाळेचे दार मात्र जातीने अडवले नव्हते. भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. त्यांच्या पदरी एकच ठेव होती, ती म्हणजे शिकलेले वडील. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात अक्षर आले ते पलटणीमुळे. १८९०च्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४मध्ये अर्ज तयार केला. भरती थांबल्याने नुकसान नुसत्या पगाराचे झाले नाही. ज्या वाटेने रामजींपर्यंत अक्षर पोचले, तीच वाट मागून येणाऱ्यांना बंद झाली.

म्हणजे हलाखीने कोणाला घडवले नाही. हलाखीची किंमत दुसऱ्या कोणी तरी चुकती केली, म्हणून एक जण घडला. दोन्ही घरांत बहिणीही होत्या. कोणाला शिकवायचे हे ठरताना त्यांचे नाव निघाल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता कोणतेही चरित्र उघडले की मी आधी भावंडांची नावे शोधतो. बहुधा ती पहिल्या प्रकरणात सापडतात आणि तिथेच संपतात.