अश्लीलतेचा बंदोबस्त: खाजगी तक्रारदार आणि सरकार

अश्लील मजकुराविरुद्धचा कायदा सरकारचा असला, तरी महाराष्ट्रात तो वापरात आणण्याचे पहिले पाऊल अनेकदा खाजगी तक्रारदाराने उचलले आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ने अश्लील पुस्तकाची छपाई आणि विक्री गुन्हा ठरवली, पण अश्लील म्हणजे काय याची नेमकी व्याख्या केली नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला (१९२७–१९५३) या संदिग्धतेची झळ बसली. संततिनियमन आणि कामशास्त्र यांवर शास्त्रीय लेखन करणाऱ्या कर्वे यांना १९३१ आणि १९३४मध्ये दंड झाला. दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

सरकार आणि तक्रारदार यांच्यातील श्रमविभागणी सर्वांत स्पष्ट दिसते ती चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ कथेच्या प्रकरणात. ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात छापून आली. भिडे नावाच्या तक्रारदाराने राज्याच्या मुख्य सचिवांना पत्र लिहून कारवाईची मागणी केली. गृहखात्याने कळवले की, कथा सरकारच्याही मते अश्लील आहे. पुढील कारवाई मात्र त्याने भिडे यांच्यावर सोडली. भिडे यांनी खटला दाखल केला. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा तक्रारदार आणि सरकार दोघेही उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने लेखक आणि प्रकाशक यांना प्रत्येकी २५ रुपये दंड केला. ऑगस्ट १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कथा वाङ्मयीनदृष्ट्या उच्च प्रतीची नसली तरी संपूर्ण वाचल्यास अश्लील ठरत नाही; आणि लैंगिकतेचा नुसता उल्लेखही वर्ज्य मानला तर तरुणांना केवळ धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खटल्याला सुमारे सात वर्षे लागली, पण लेखकाला आपली बाजू मांडता आली.

इंटरनेट आल्यावर तक्रारीची वाट बदलली. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६७ने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अश्लील मजकूर गुन्हा ठरवला. २००१मध्ये नागरिकांच्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी विशेष समिती नेमली. तिच्या शिफारशींचा भर सायबर कॅफेंच्या नियमनावर होता.

३१ जुलै २०१५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. ही यादी सर्वोच्च न्यायालयात पोर्नोग्राफीविरुद्ध याचिका करणाऱ्या वकिलांच्या बाजूने आलेली होती. तिच्यात विनोदी मजकुराची संकेतस्थळेही सापडली. टीका झाल्यावर ४ ऑगस्टला आदेश शिथिल झाला आणि बंदी बालकांच्या लैंगिक चित्रणापुरती उरली. पण कोणते संकेतस्थळ त्यात मोडते हे ठरवण्याचा भार इंटरनेट कंपन्यांवर टाकला गेला.

बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाबाबत खाजगी संस्थांची मदत उपयोगी ठरली आहे. ब्रिटनमध्ये १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’च्या सहकार्याने मुंबईच्या ‘आरंभ इंडिया’ने २०१६मध्ये अशा मजकुराच्या तक्रारींसाठी व्यवस्था सुरू केली. २०१८मध्ये अशा तक्रारींसाठी केंद्राचे पोर्टल आले. आज त्यावर काही मिनिटांत तक्रार करता येते. याच पोर्टलशी जोडलेल्या योजनेत बेकायदा मजकूर दाखवून देणारे ‘सायबर स्वयंसेवक’ नेमण्याची तरतूद झाली.

बालशोषणाच्या चित्रणात प्रत्यक्ष बालकावर अत्याचार झालेला असतो. त्यामुळे तिथे मतभेदाला जागा नाही आणि नागरिकांची सतर्कता आवश्यक आहे. प्रौढांसाठीच्या मजकुरात मात्र अभिरुची आणि गुन्हा यांची गल्लत सहज होते. ‘श्यामा’च्या वेळी तक्रारदाराच्या मताला न्यायालयाची कसोटी लागली, २०१५मध्ये याचिकाकर्त्याची यादीच आदेश बनली. तक्रार कोणाचीही असो, निर्णय कारणे देण्यास बांधील असलेल्या यंत्रणेनेच घ्यायला हवा आणि ज्याचा मजकूर बंद होणार त्याचे म्हणणे आधी ऐकले गेले पाहिजे.