पदवी, पद आणि गाव
सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेले तरुण कामावर रुजू झाले की अडखळतात, आणि त्याचे खापर अभ्यासक्रमावर फुटते. या पदवीचा इतिहास पाहिला तर दोष वेगळ्याच जागी सापडतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने 1871 मध्ये या विषयाची पदविका सुरू केली, पण तिला खरे वजन आणले ब्रिटनच्या 1888 च्या कायद्याने. मोठ्या वस्तीच्या जिल्ह्यांत नव्याने आरोग्य अधिकारी व्हायचे तर ही पदविका जवळजवळ अटळ झाली. पाठोपाठ, उमेदवाराने काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली राहून प्रत्यक्ष शिकावे, असाही नियम आला. पुढचे पद ठरलेले होते, म्हणून शिक्षणालाही त्या पदाच्या कामाकडे तोंड करावे लागले.

भारतात ही गाठ सुटली. शिकवणे वाईट होते म्हणून नव्हे. कलकत्त्यात 1932 मध्ये अखिल भारतीय आरोग्य संस्था उभी राहिली आणि काही वर्षांतच विद्यार्थ्यांना गावपातळीवरचे काम शिकता यावे म्हणून सिंगूरला तिचे केंद्र निघाले. त्या काळात याहून शहाणी योजना सुचणे अवघड होते. पण शिकून बाहेर पडणाऱ्याला सामावून घेणारी स्वतंत्र सेवा बहुतेक राज्यांनी उभी केली नाही किंवा टिकवली नाही. तमिळनाडूने टिकवली. म्हणूनच तिथे या शिक्षणाला बढतीत आणि जबाबदारीत अर्थ आहे. त्रिवेंद्रमला 1997 मध्ये एम.पी.एच. ही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी सुरू झाली, मग देशभर असे वर्ग निघाले, त्यांत डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश मिळू लागला. एवढे झाल्यावरही प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र सेवा (केडर) असावी, हे 2017 च्या राष्ट्रीय धोरणाला सांगावे लागले!

यावर कोणी जामखेड आणि गडचिरोली दाखवील. जामखेडचे रजनीकांत व मेबल आरोळे, गडचिरोलीचे अभय व राणी बंग ही दोन्ही डॉक्टर जोडपी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हेच शिकली आणि सरकारी पदाची वाट न पाहता कामाला लागली. हे खरेच आहे, आणि पदवीने त्यांना मोठे काही दिले, हेही मान्य करायला हवे. गडचिरोलीच्या 39 गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच स्त्रिया घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. तीन वर्षांत तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. जन्म-मृत्यूची नेमकी नोंद ठेवायची, तुलनेसाठी दुसरी गावे निवडायची, ही शिस्त वर्गातली. बाळंतिणीच्या खोलीत कोणाला प्रवेश मिळेल, हे मात्र गावानेच शिकवले. त्यासाठी तिथे वर्षानुवर्षे राहावे लागले, आणि राहता यावे म्हणून त्यांनी आपली संस्था स्वतः उभारली. तेवीस वर्षांच्या पदवीधराकडून ही अपेक्षा कशी करायची? त्याच्या हाती अकरा महिन्यांचा करार असतो. तालुक्यातली गावे नावानिशी ओळखीची होईतो त्याची मुदत संपत आलेली असते.