चोपचिनी आणि रक्तविचार : उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरून

माहीम, शिरगाव, तारापूर व डहाणू ही आजच्या पालघर जिल्ह्यातील ठाणी इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित असतात ती बहुधा १७३९ च्या मोहिमेमुळे. चिमाजी आप्पांच्या फौजेने त्या वर्षीच्या जानेवारीत माहीम व तारापूर जिंकले, मे महिन्यात वसई पडली, आणि येथे आपले लक्ष संपते. परंतु १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यापासून हा किनारा हळूहळू गोवा, मलाक्का आणि पुढे मकाव यांना जोडणाऱ्या व्यापाराच्या कक्षेत आला होता. त्या व्यापारातून आलेल्या एका चिनी मुळीचा येथे विचार करावयाचा आहे. ती मुळी म्हणजे चोपचिनी होय.

चिनी वैद्यक रक्ताभिसरणास साह्य करते, असे आज सर्रास म्हटले जाते. आणि चोपचिनी आपल्याकडे ‘रक्तशुद्धी’साठी प्रसिद्ध असल्याने या दोन गोष्टींची सांगड सहज घातली जाते. ही सांगड मला ग्राह्य वाटत नाही.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. वसईच्या अधिकारक्षेत्रातील मुंबई बेट त्यास पुढे खंडाने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधीविषयक ग्रंथ संवादरूप असून त्यातील एक संवाद या मुळीसंबंधी आहे. मुळीचा काढा, घाम काढणे व पथ्य असा तो उपचार होता, आणि तो मुख्यतः उपदंशावर होता. युरोपातही तिचा बोलबाला झाला. सम्राट पाचव्या चार्ल्सने ती घेतली होती. शरीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस याने १५४६ मध्ये तिच्यावर एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले, परंतु त्याचा खरा रोख मुळीपेक्षा गॅलेनच्या चुकांवरच अधिक आहे.

आपल्याकडे भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘फिरंग’ रोगाचे वर्णन करून त्यावर चोपचिनी सांगितली. रोगाचे नाव फिरंग्यांवरून पडले, आणि औषधही त्यांच्याच गलबतांतून आले! मात्र औषधाचे नाव पोर्तुगीज नाही. ‘चूब-इ-चीनी’, म्हणजे चिनी लाकूड, हा फारसी शब्द आहे. म्हणजे माल कोणीही उतरविला असला तरी लोकांच्या तोंडी तो रुळविला हकिमांनी व अत्तारांनी, असे अनुमान करावयास हरकत नसावी.

आता चिनी बाजू पाहू. ली शिझेन याच्या १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या औषधीकोशात या मुळीच्या वर्गातील ‘तुफुलिंग’ उपदंशावर सांगितली आहे. पाऱ्याच्या औषधांनी झालेल्या अपायावरही ती उपयोगी मानली आहे. परंतु तिचे गुण म्हणून तो सांगतो ते प्लीहा व जठर यांना बळ देणे, वात व आर्द्रता घालविणे आणि सांधे मोकळे करणे हे. रक्तास गती देणाऱ्या औषधींचा चिनी वर्ग निराळाच आहे. दानशेन, च्वानश्योंग व होंगह्वा ही त्यातील प्रमुख नावे होत. यांपैकी होंगह्वा म्हणजे आपल्या सोलापूरकडील करडईचे फूल! ज्या वनस्पतीचे तेल आपण पिढ्यान्‌पिढ्या काढीत आलो, तिची पाकळी चिनी वैद्य रक्तासाठी वापरीत होता. आणि आपण रक्तासाठी परदेशाहून आणली ती मुळी त्याच्या लेखी रक्ताची नव्हेच.

‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात रक्त व ‘छी’ यांची आरंभ-अंत नसलेल्या कड्यासारखी फेरी वर्णिली आहे. अहोरात्रात अशा पन्नास फेऱ्या होतात अशी गणनाही आहे. यावरून चिन्यांना रक्ताभिसरण हार्वेच्या आधी ठाऊक होते, असे काही विद्वान मानतात. कल्पना विलक्षण आहे, यात शंका नाही. तथापि १६२८ मध्ये हार्वेने हृदयातून जाणाऱ्या रक्ताचे परिमाण मोजून जो निष्कर्ष काढला, तशी सिद्धता तेथे नाही. पन्नास हा आकडाही नाडी-श्वासाच्या हिशेबातून व खगोलाशी मेळ घालून आलेला आहे. रक्त साकळते व ते मोकळे करावे, या विचारास वांग चिंगरेन याने १८३० मध्ये नवे वळण दिले. आज प्रचारात असलेले चिनी ‘रक्तचालन’ बरेचसे त्यानंतरचे आहे.

उलट आयुर्वेदात रक्त हा सात धातूंपैकी एक. तो दूषित होतो, म्हणून शुद्ध करावयाचा. चोपचिनी या चौकटीत बसविली गेली, आणि म्हणूनच ती टिकली. मुळी समुद्रापलीकडून आली; तिच्यामागील सिद्धान्त आला नाही.

तो येण्यास फार काळ लागला. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर हे दोघे होते. परंतु ते गेले ते युद्धातील जखमींच्या सेवेसाठी, आणि कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये सूचिचिकित्सा शिकून १९५९ मध्ये ती कलकत्त्यात आणली.

दरम्यान किनाऱ्याचा व्यवहार थांबलेला नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची मूलद्रव्ये बनविणारे कारखाने आहेत, आणि भारताच्या या उद्योगास लागणाऱ्या कच्च्या रसायनांचा मोठा भाग आजही चीनमधूनच येतो.