दुसरा पुरवठादार

कुठली कंपनी आपल्याच मालाचे नकाशे प्रतिस्पर्ध्याच्या हाती देईल? आपण म्हणू, कोणीच नाही. पण संगणकाच्या चिपच्या धंद्यात हे रीतसर करार करून घडले.

आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. अट अशी, की ती बनवणारी दुसरी कंपनीही हवी. त्यातून १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला. दोन्ही कंपन्यांचे संस्थापक पूर्वी फेअरचाइल्ड या एकाच कंपनीत होते, तेव्हा ओळख जुनीच.

आयबीएमला ही अट का घालावीशी वाटली? वर्गात करून पाहू या. कागदावर १०० सारखे चौकोन आखायचे आणि मोहरीचे २० दाणे वर विखरून टाकायचे. दाणा पडला तो चौकोन बाद. साधारण ८० चौकोन वाचतात. आता तेवढ्याच कागदाचे २५ मोठे चौकोन करून पुन्हा २० दाणे टाकू. या वेळी दहा-बाराच उरतात! सिलिकॉनच्या एका चकतीवर अशाच शेकडो चिप एकदम घडवतात. मोहरीच्या जागी तिथे धुळीचा कण असतो. चिप मोठी झाली की वाया जाणारा माल वाढतो, आणि नव्या कारखान्यात तो किती असेल हे आधी नीट सांगता येत नाही. एकाच कारखान्यावर विसंबलेल्या गिऱ्हाइकाला झोप कशी लागणार?

१९८५ साली ३८६ ही चिप आली आणि तिचे नकाशे इंटेलने दिले नाहीत. आम्हाला यात गर्वापेक्षा गरज जास्त दिसते. त्याच वर्षी जपानी स्पर्धेपुढे इंटेलने मेमरी चिपच्या धंद्यातून अंग काढून घेतले होते. एएमडी १९८७ साली लवादाकडे गेली, १९९१ मध्ये तिने स्वतःची ३८६ आणली आणि १९९५ साली तडजोड झाली.

खरा पैसा मात्र कारखान्यात अडकत होता. कारखाना अब्जावधी डॉलरचा, आणि मोहरीचा हिशेब चिपच्या दर पिढीला नव्याने मांडायचा. एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स तर ज्याचा कारखाना तोच मर्द, असे म्हणत. त्याच एएमडीने २००९ साली आपले कारखाने वेगळे काढले. ते अबुधाबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीकडे गेले. इंटेलने आपले कारखाने राखले, पण पुढच्या पिढीची चिप तिथे वर्षानुवर्षे रखडली. एएमडीने २०१९ साली आपली चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतली, आणि २०२२ साली तिचे बाजारमूल्य इंटेलच्या वर गेले.

तेव्हा अशा धंद्यात पैसे घालणाऱ्याने चिप किती चपळ, एवढेच विचारून भागत नाही. ती कुठे बनते आणि शंभरातल्या किती वाचतात हेही विचारायला हवे. कंपन्या तो आकडा सहसा सांगत नाहीत, ही अडचण आहेच.

आता एएमडीसारख्या अनेक कंपन्यांची भिस्त त्या एका तैवानी कंपनीवर आहे. घरचा दुसरा पुरवठादार अमेरिकी सरकारलाही हवासा झाला असून ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने इंटेलचे सुमारे १० टक्के भाग घेतले.