आकाशवाणीचा शब्द आणि त्याची घरगुती सांठवण

१९४८ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या तेराव्या तारखेस भारतीय सैन्य सोलापुराकडून निघून नळदुर्गास आलें आणि बोरी नदीवरील पूल त्याच्या हातीं पडला. पुढें चारच दिवसांनीं, १७ सप्टेंबर रोजीं, निजामानें हैदराबादच्या नभोवाणीवरून युद्धबंदी जाहीर केली. धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे त्या काळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या, इतिहासांतील हें पर्व असें आहे कीं, त्याचा आरंभ डोळ्यांस दिसणारा व शेवट कानांस ऐकूं येणारा होता. नळदुर्गचा किल्ला आजहि जागेवर आहे. ज्यास त्या आरंभाची कल्पना करावयाची असेल त्यानें तेथें जाऊन उभें राहावें. परंतु त्या सायंकाळीं एखाद्या खेड्यांतल्या चावडीपुढें, बॅटरीवर चालणाऱ्या संचाभोंवतीं जमलेल्या मंडळींनीं जे शब्द ऐकले असतील, ते त्यांना दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकावयाचे म्हटले तर उपाय कोणता होता? कांहींच नव्हता. वर्तमानपत्र जपून ठेवतां येई. नभोवाणी जपून ठेवतां येत नसे.

श्रोत्याची ही असहायता नभोवाणीच्या जन्मापासूनची आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें, तें एका खाजगी कंपनीचें होतें, व ती कंपनी तीन वर्षेंहि पुरतीं टिकली नाहीं. निजामच्या सरकारनें १९३५ सालीं हैदराबादचें केंद्र आपल्या ताब्यांत घेतलें. पुढें औरंगाबादेसहि केंद्र झालें. आणि १९५० सालीं हीं दोन्ही केंद्रें अखिल भारतीय नभोवाणींत विलीन झालीं. ज्या ‘आकाशवाणी’ शब्दावर आज सरकारी मोहर आहे, तो देखील एका घरांतून निघालेला आहे. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं आपल्या राहत्या घरीं एक लहानसें केंद्र उभारलें, त्या केंद्राचें तें नांव. शब्द घरांतून आकाशांत गेला खरा. आकाशांतून घरांत येऊन तेथेंच मुक्काम करण्यास मात्र त्यास बरींच वर्षें लागलीं. त्या काळीं बहुतेक कार्यक्रम गवई, वक्ते व नट यांस प्रत्यक्ष ध्वनिक्षेपकापुढें बसवूनच होत. तबकडीवर ध्वनि कोरतां येत असे, पण त्याचा खर्च व खटाटोप मोठा, आणि एका तबकडीवर मावावयाचें तें थोडक्या मिनिटांचेंच. तेव्हां कोणाची वाणी कोरून ठेवावयाची याचा निवाडा आपोआपच पदावरून होई. पुढाऱ्याचें भाषण राही; शेतकऱ्याची मुलाखत वाऱ्यावर जाई.

मुंबईच्या १९४२ सालच्या गुप्त काँग्रेस रेडिओची हकीकत या बाबतींत फार उद्बोधक आहे. चलेजावच्या ठरावानंतर पुढारी तुरुंगांत गेले, तेव्हां उषा मेहता व त्यांचे तरुण सहकारी यांनीं ४२·३४ मीटरवर एक चोरटें केंद्र चालविलें. ऑगस्टच्या अखेरीस तें बोलूं लागलें व १२ नोव्हेंबर रोजीं पोलिसांनीं तें पकडलें. मधल्या काळांत जागा वारंवार बदलाव्या लागल्या. अशा केंद्राला आपले कार्यक्रम जपून ठेवण्याची सवड कोठून असणार? कागद जवळ बाळगणें म्हणजे पुरावा बाळगणें. पण तरीहि त्या केंद्रावरून काय बोललें जाई हें आपणांस आज पुष्कळसें वाचावयास मिळतें, आणि याचें श्रेय, कितीहि चमत्कारिक वाटलें तरी, ब्रिटिश सरकारच्या पोलिसांस द्यावें लागतें. त्यांचे लोक रोज कान लावून बसत व ऐकलेलें लिहून काढीत. ज्यांना तो आवाज बंद पाडावयाचा होता त्यांच्याच दप्तरांत तो सुरक्षित राहिला! लिहून काढणाऱ्यानें काय गाळलें, काय चुकीचें ऐकलें, हा प्रश्न उरतोच. आणि बोलणारीचा स्वर तर कोणत्याच दप्तरांत उतरत नाहीं. तथापि जें कांहीं हातीं आलें तें शत्रूच्या चिकाटीमुळें आलें, ही गोष्ट मित्रांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या आवडीचा कार्यक्रम इतक्या चिकाटीनें ऐकणारे रसिक किती निघतील?

पुढें चुंबकीय ध्वनिफीत आली. जर्मनीच्या ए. ई. जी. कंपनीनें १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत तिचें यंत्र मांडलें होतें. महायुद्धानंतर तें जगभर पसरलें. फितीचा गुण असा कीं ती पुसून पुन्हां वापरतां येते. आणि तिचा दोषहि हाच. इंग्लंडांत बी. बी. सी. सारख्या संपन्न संस्थेनेंहि फिती पुसून पुन्हां वापरल्या, व पुढें पश्चात्ताप होऊन तिला श्रोत्यांच्या घरीं उरलेल्या फितींचा शोध करावा लागला. आपल्याकडे पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, ‘गीतरामायण’ सुरू झालें. आठवड्यास एक याप्रमाणें वर्षभराचीं गीतें व्हावयाचीं, पण अधिक मास आल्यामुळें तीं ५६ झालीं. त्या मूळ मालिकेंत गाणारे अनेक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके यांचे आवाज तीत होते. आज मात्र घरोघरीं ‘गीतरामायण’ म्हणतांच एकट्या सुधीर फडक्यांचा आवाज आठवतो, कारण तबकड्या आणि कॅसेटी त्या आवाजाच्या निघाल्या. फडक्यांच्या गायनाविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. तरीहि हें नमूद केलें पाहिजे कीं, महाराष्ट्राची स्मृति या ठिकाणीं प्रक्षेपणानें नव्हे, तर विक्रीस आलेल्या तबकडीनें घडविली.

१९६३ सालीं फिलिप्स कंपनीची छोटी कॅसेट आली, आणि कांहीं वर्षांनीं रेडिओ व ध्वनिमुद्रक एकाच पेटींत असलेलें तें यंत्र, ज्याला घरोघरीं ‘टू-इन-वन’ म्हणत, मध्यम स्थितींतल्या कुटुंबांच्या आटोक्यांत आलें. श्रोता प्रथमच ऐकतां ऐकतां सांठवूं लागला. एका बाजूस अर्धा तास. तेवढ्यांत कीर्तनाचा पूर्वरंग कसाबसा मावे व आख्यान रंगांत आलें कीं खट् होऊन कळ वर येई. आमच्या घरींहि असा एक संग्रह होता. त्यांतल्या एका उत्तम भारुडाच्या कॅसेटीवर एका लग्नांत कोणीं तरी सनई मुद्रित केली, आणि ती सनईहि पुढें बुरशीनें गेली. ज्याच्या घरीं असें घडलें नाहीं असा मराठी गृहस्थ विरळा.

आतांच्या पिढीचा मार्ग अगदीं निराळा आहे. १९९३ सालीं अमेरिकेंत कार्ल मलामुड यांनीं आंतरजालावरून ध्वनिकार्यक्रम देण्यास आरंभ केला, १९९५ सालीं रिअलऑडिओ नांवाची योजना निघाली, व तेव्हांपासून नभोवाणीचा आवाज तारेनें संगणकांत वाहूं लागला. आज प्रसार भारतीच्या कृपेनें धाराशिवचें स्थानिक केंद्रहि पुण्यांत, मुंबईंत किंवा सातासमुद्रांपलीकडे ऐकतां येतें. हा प्रवाह म्हणजे अखंड धार नव्हे. केंद्राच्या आवाजाचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे पाडले जातात, त्यांची एक यादी सतत बदलत असते, श्रोत्याचा संगणक तिच्यावरून पुढला तुकडा मागवितो, वाजवितो आणि टाकून देतो. टाकून देण्याऐवजीं तेच तुकडे ओळीनें लिहून ठेवावे, इतकाच सांठवणीचा सारा मंत्र. व्हीएलसीसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम हें काम करतो. वेळ लावून ठेवली तर मालक शेतावर असतांनाहि करतो. सेकंदास ६४ किलोबिट धरले तर तासाचे २८·८ मेगाबाइट होतात, आणि चोवीस तासांच्या हिशेबानें सबंध वर्षाचे सुमारें २५२ गिगाबाइट. म्हणजे एका केंद्राचें वर्षभराचें एकूण एक बोलणें पानपुड्याएवढ्या डबींत बसतें. ज्यांनीं अर्ध्या तासाच्या कॅसेटीसाठीं पैसे मोजले आहेत त्यांस हा हिशेब पुन्हां एकदां करून पाहावासा वाटेल. आम्हीं तो तीनदां केला. अर्थात् ऐन कार्यक्रमाच्या वेळीं वीज गेली तर डबी रिकामी राहते, व आमच्या भागांत वीज जाणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं.

ही सांठवण चोरी तर नव्हे, अशी शंका सज्जन वाचकांस येईल. भारताच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यांत प्रक्षेपणाचा हक्क पंचवीस वर्षें राखलेला आहे. परंतु त्याच कायद्याचें ३९ वें कलम स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठीं केलेलें मुद्रण दोषास्पद मानीत नाहीं. घरीं ठेवावें, ऐकावें. बाजार मांडूं नये. एवढी मर्यादा पुरेशी स्पष्ट आहे.

प्रश्न उरतो तो असा कीं, हा खटाटोप धाराशिवकरानें करावा कशासाठीं? दिल्लीच्या भाषणांस दिल्लीचा संग्रह आहे. लोकप्रिय चित्रपटगीत तर कोणीं न सांठविलें तरी मरत नाहीं. पण तुळजापूरच्या आराध्यांचीं गाणीं, गोंधळ्याची संबळ, तेरच्या गोरोबाकाकांच्या यात्रेचें वर्णन, बालाघाटाच्या माथ्यावरच्या शेतकऱ्यानें सोयाबीनच्या किडीविषयीं आपल्या बोलींत विचारलेला प्रश्न, हें सारें एका लहानशा केंद्राच्या तोंडून एकदांच निघतें. त्यांतला कोणता तास पन्नास वर्षांनीं मोलाचा ठरेल हें आज ना केंद्राच्या अधिकाऱ्यास सांगतां येईल, ना आम्हांस. किडीविषयींचा तो प्रश्न भाषेच्या अभ्यासकास एखाद्या नामांकित व्याख्यानाहून अधिक उपयोगी पडेल, असा आमचा अजमास आहे; कारण व्याख्याता छापील मराठी बोलतो आणि शेतकरी आपली.

घरच्या सांठवणीवर सर्वस्वीं विसंबणेंहि धोक्याचें आहे, हें या जिल्ह्याला वेगळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेश विसर्जनानंतरच्या झोपेंत, किल्लारीबरोबर इकडचें सास्तूरहि कोसळलें. दगड-मातीच्या रुंद भिंतींखालीं माणसें गेलीं. त्यांच्यापुढें ट्रंकेंतल्या वह्या, फोटो व कॅसेटी यांचा विचारहि त्या दिवशीं कोणास सुचणें शक्य नव्हतें. पुढें नवीं गांवें वसलीं, नवीं घरें उभीं राहिलीं, पण त्या घरांत मागच्या पिढीचा आवाज नाहीं. म्हणून ज्यास सांठवावयाचें आहे त्यानें एक प्रत आपल्या घरीं, एक परगांवच्या मुलाकडे किंवा मुलीकडे, आणि जमल्यास एक गांवच्या वाचनालयांत ठेवावी. डबी लहान आहे, पाठविण्यास एस. टी.चा प्रवासीहि पुरतो.

नोंदीचें काम मात्र यंत्रावर सोंपवूं नये. यंत्र फाइलीला जें नांव देतें तें आंकड्यांची माळ असते व सहा महिन्यांनीं तिचा अर्थ खुद्द मालकास लागत नाहीं. तारीख, वेळ, केंद्र, कार्यक्रमाचें नांव, बोलणाऱ्याचें गांव, इतकें तरी हातानें लिहावें. आमच्या नोंदवहींत जुन्या पानांवर केंद्राच्या रकान्यांत ‘उस्मानाबाद’ आहे आणि २०२३ सालीं नांव बदलल्यानंतरच्या पानांवर ‘धाराशिव’. एका तरुण नातेवाइकानें सर्व नांवें एका कळीसरशीं सारखीं करून देण्याची तयारी दाखविली होती. आम्हीं त्यास चहा दिला, आणि वही होती तशीच कपाटांत ठेवली.