मायक्रोसिस्टिनचे जैवविघटन

मायक्रोसिस्टिनचे जैवविघटन म्हणजे गोड्या पाण्यातील नील-हरित शैवालांनी निर्माण केलेल्या मायक्रोसिस्टिन या विषाचे जिवाणूंकडून होणारे विघटन होय. तलावांत व नद्यांत ही क्रिया निसर्गतः घडते. जलशुद्धीकरणात तिचा उपयोग करून घेण्यासाठी संशोधन चालू आहे.

पार्श्वभूमी

सांडपाणी व खते यांतून येणाऱ्या फॉस्फरस आणि नायट्रोजनमुळे जलाशयांत नील-हरित शैवाले उबदार हवेत झपाट्याने वाढतात. मायक्रोसिस्टिस व अन्य काही शैवाले मायक्रोसिस्टिन तयार करतात. हे विष यकृतास अपायकारक आहे. सात अमिनो आम्लांच्या वलयाकार रचनेमुळे ते टिकाऊ असते. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट पाणी आटल्यास त्याची तीव्रता वाढते. मोरचूद टाकून शैवाल मारल्यास पेशी फुटून विष पाण्यात मिसळते.

१९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे असे पाणी डायलिसिससाठी वापरले गेल्याने ५० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील शैवालामुळे अमेरिकेतील टोलिडो परिसरातील सुमारे ४ लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना द्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराचे मार्गदर्शक प्रमाण प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅम ठरविले आहे.

विघटनाची क्रिया

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हे विष विघटित करणारा स्फिंगोमोनास प्रजातीतील जिवाणू वेगळा केला. त्यातील विघटनाचे तीन टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. एमएलआर-ए हे विकर विषाचे वलय तोडून त्याची सरळ साखळी करते. या एकाच टप्प्यात विषारीपणा सुमारे १६० पटींनी घटल्याचे प्रयोगशाळेतील चाचणीत आढळले.
२. एमएलआर-बी ती साखळी तोडून चार अमिनो आम्लांचा तुकडा तयार करते.
३. एमएलआर-सी त्या तुकड्याचे आणखी विघटन करते.

उपयोग

वाळूच्या संथ गाळणीत कणांवर जिवाणूंचा पातळ थर वाढतो. त्यात विघटनक्षम जिवाणू असल्यास पाणी झिरपताना विष नाहीसे होऊ शकते. या पद्धतीत अतिरिक्त रसायने लागत नाहीत.

मर्यादा

विषाशी पूर्वी संपर्क न आलेल्या जिवाणूंना विघटन सुरू करण्यास काही दिवस लागू शकतात आणि थंड पाण्यात क्रिया मंदावते. सॅक्सिटॉक्सिनसारख्या वेगळ्या रचनेच्या विषांवर ही विकरे उपयोगी पडत नाहीत. शिवाय या उपायाने विष नष्ट झाले तरी शैवालवाढीचे मूळ कारण कायम राहते. त्यामुळे जलाशयात येणारी पोषकद्रव्ये रोखणे आवश्यकच ठरते.